कारवानचं पिल्लू घ्यायचंय? आधी त्याची आई बघा

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलीकडे सांगोला आणि सीमेपार विजापूर-बागलकोट. या कोरड्या पट्ट्यात लांब पायांचा, निमुळत्या तोंडाचा, आत गेलेल्या पोटाचा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. आपल्याकडे त्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात, कर्नाटकात मुधोळ. कानांवर आणि शेपटीवर रेशमासारखे लांब केस असतील तर तो पश्मी. मुधोळच्या मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली म्हणून संस्थानचं नाव तिला चिकटलं. २००५ मध्ये टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढलं, पुढे काही पिल्लं लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली, २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरच्या भाषणात देशी कुत्र्यांबरोबर तिचा उल्लेख केला. तेव्हापासून सांगली, मिरज, सातारा, कराड इथल्या फ्लॅटमधल्या लोकांनाही कारवान हवासा वाटू लागला आहे.

आपल्या मातीतला कुत्रा लोकांना हवा असावा, याचा मला मनापासून आनंद आहे. पण मागणी वाढली की पिल्लं काढणारे वाढतात आणि सगळेच नीट काढत नाहीत. म्हणून पहिल्यांदाच पिल्लू घेणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे. यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण एवढं धरून ठेवा: पिल्लू बघून पिल्लू ठरवू नका, आई बघून ठरवा.

पहिल्यांदा स्वतःचं घर तपासा

कारवान पूर्ण वाढला की खांद्यापाशी सव्वादोन फुटांच्या आसपास उंच होतो. वजन मात्र बेताचं, साधारण वीस-पंचवीस किलो. खायला फार लागत नाही, केस फार गळत नाहीत, उन्हाळा तो हस्की किंवा सेंट बर्नार्डपेक्षा कितीतरी चांगला काढतो. त्यामुळे ‘सांभाळायला सोपा’ असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

हा कुत्रा वास घेत फिरणारा नाही, नजरेने शिकार हेरून पाठलाग करणारा आहे. माळावर दोन शेतांपलीकडे काही हललं की त्याचं डोकं वर होतं आणि पुढच्या क्षणी तो जागेवर नसतो. तेव्हा हाक मारून उपयोग नसतो, ती त्याच्या कानात शिरतच नाही. त्याला रोज मोकळं पळायला जागा लागते. ज्याच्याकडे वस्ती आहे, शेत आहे, किंवा निदान सकाळ-संध्याकाळ मैदानावर न्यायची खात्रीची सवड आहे, त्यानेच याचा विचार करावा. बंगल्याला कुंपण असेल तर ते सहा फूट तरी हवं. चार फुटांची भिंत हा कुत्रा सहज पार करतो. शेजारी कोंबड्या, शेळ्या असतील तर तंटे होण्याची शक्यता आधीच धरून चाला.

स्वभावाचंही सांगायला हवं. कारवान घरच्या माणसांवर जीव टाकतो, पण परक्याने अंगाला हात लावलेला त्याला आवडत नाही. येईल त्याच्यासमोर शेपूट हलवणारा, मुलांच्या गराड्यात लोळणारा कुत्रा हवा असेल तर ही जात तुमच्यासाठी नाही. दिवसभर घराला कुलूप लागत असेल तर कोणतंच पिल्लू आणू नका.

कोणाकडून घ्यायचं

तीन वाटा आहेत. एक, जत-आटपाडीकडच्या वस्त्यांवर पिढीजात कारवान पाळणारी माणसं. दुसरी, केनेल क्लबकडे (जातिवंत कुत्र्यांची वंशावळ नोंदवणारी संस्था) नोंदणी करून पिल्लं काढणारे ब्रीडर. तिसरी, मुधोळजवळच्या तिम्मापूरचं श्वान संशोधन व माहिती केंद्र. ते बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं आहे आणि तिथून लोकांना पिल्लंही दिली जातात, पण आधी नाव नोंदवून वाट पाहायची तयारी ठेवावी लागते.

चौथी वाट म्हणजे मोबाईलवर फोटो बघून, इसार पाठवून, बसथांब्यावर पिशवीतून पिल्लू घेणं. ही वाट मी वाट मानत नाही. जो माणूस ‘तुम्ही कशाला येता एवढ्या लांब, मीच आणून देतो’ म्हणतो, त्याला काहीतरी दाखवायचं नसतं. बहुतेक वेळा ती आईच असते.

वस्तीवरचा पाळणारा आणि कागदवाला ब्रीडर यांत कोण चांगला, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कागद असेल तर वंशावळ कळते, पण कागद म्हणजे तब्येत नव्हे. वस्तीवरची कुत्री मेंढरांमागे दिवसभर हिंडत असेल, अंगाने लोखंडी असेल, तर तिची पिल्लं काटक निघतात. मात्र तिथे लस आणि जंताचं औषध वेळेवर झालेलं असतंच असं नाही. मी स्वतः आधी कुत्रीची तब्येत आणि पाळणाऱ्याची नजर बघतो, मग कागद.

भेटीला गेल्यावर

पिल्लं किमान सहा आठवड्यांची झाल्यावर एकदा बघायला जा आणि आणायला दुसऱ्यांदा. पहिल्याच भेटीत उचलून आणायचं नाही, हे घरून निघतानाच ठरवून घ्या, कारण पिल्लं समोर आली की मन राहत नाही. एकाच दिवसात दोन ठिकाणी जाणार असाल तर पहिल्या ठिकाणची पिल्लं हाताळून तसंच दुसरीकडे जाऊ नका. पार्वोसारखा (पिल्लांना रक्ताची हगवण लावणारा) रोग हाताबुटांवरून जातो.

आधी कुत्री दाखवा म्हणा. ती पिल्लांजवळच असायला हवी. अंगावर पाजणाऱ्या कुत्रीच्या बरगड्या दिसणारच आणि कारवानच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या एरवीही दिसतात. तेवढ्याने घाबरू नका. पण मांडीचं मांस उतरलेलं, केस राठ, डोळ्यांत चिपाडं, पाठीचा मणका न् मणका वर आलेला, असं असेल तर तिला खुराक मिळालेला नाही किंवा लागोपाठ वेतं घेतलेली आहेत. तिचं वय विचारा, हे कितवं वेत, आधीचं कधी झालं तेही विचारा. २०१७ च्या केंद्र सरकारच्या श्वानप्रजनन नियमांप्रमाणे अठरा महिन्यांच्या आतल्या कुत्रीची पिल्लं काढता येत नाहीत आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घेता येत नाहीत. पाळणारा चांगला असेल तर हे प्रश्न त्याला खुपत नाहीत. उलट तोच कुत्रीबद्दल बोलायला लागतो आणि थांबता थांबत नाही.

कुत्रीचं वागणं नीट बघा. परका आला म्हणून ती उठून भुंकली तर ठीक आहे. मालकाने हात लावल्यावर शांत झाली पाहिजे. मालकाच्याच हाताला दबून कोपऱ्यात जाणारी, किंवा मालकावरच दात काढणारी कुत्री असेल तर तिचं पिल्लू घेऊ नका. बुजरेपणा या जातीत पटकन उतरतो, आणि पिल्लं आईचं बघून माणसाला भ्यायला शिकतात.

नराबद्दलही विचारा. तो दुसऱ्या गावचा असला तर फोटोवर भागवावं लागतं. पण आई-बाप सख्खे बहीणभाऊ किंवा बाप-लेक नाहीत ना, हे स्पष्ट विचारा. छोट्या पट्ट्यात जपलेल्या जातीत जवळच्या नात्यातली जोडी लावणं सहज घडतं, आणि मग पिल्लं कमी होतात, अशक्त निघतात.

आणखी एक. शर्यतीच्या हौसेपायी कारवानमध्ये ग्रेहाउंडचं रक्त मिसळण्याचा प्रकार आहे. असा कुत्रा वाईट असतो असं नाही, पण तो कारवान म्हणून विकला जाऊ नये. आईबापांचे कान बघा: कारवानचे कान डोक्याच्या दोन्ही बाजूंना सपाट लोंबतात, ग्रेहाउंडचे मागे दुमडलेले असतात. मांड्या अवाजवी फुगीर असतील तरी शंका घ्या.

पिल्लू हातात घेतल्यावर

कारवानचं पिल्लू दोन महिन्यांचं असताना फार देखणं दिसत नाही. पाय लांब, तोंड लांब, चालताना अडखळतं. गुबगुबीत पिल्लू निवडायची सवय इथे कामाची नाही. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं आणि बाकी अंग वाळलेलं असेल, तर ते खाऊनपिऊन सुखी नाही, जंतांनी भरलेलं आहे.

एका हाताने छातीखाली आणि दुसऱ्याने मागच्या पायांखाली आधार देऊन उचला. ओठ वर करा: हिरड्या गुलाबी आणि ओलसर हव्यात, पांढुरक्या नकोत. वरचे पुढचे दात खालच्या दातांवर जेमतेम टेकायला हवेत. कानात नाक घाला, आंबूस कुबट वास नको. कानाची घडी आणि पायांच्या बोटांमधल्या बेचक्या उलगडून बघा. गोचीड तिथेच दडून बसते. बेंबीवरून बोट फिरवा. मऊ गाठ लागली तर तो हर्निया असू शकतो, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय व्यवहार नको. शेपटीखाली विष्ठा चिकटलेली नको. नर असेल तर दोन्ही अंडकोष उतरलेत का ते पाहा. इतक्या लहान वयात नसतील तर पाळणाऱ्याला सांगून ठेवा आणि पुढे डॉक्टरांकडून तपासून घ्या.

मग खाली सोडा आणि थोडं लांब जाऊन बसा. टाळी वाजवली की वळून बघणारं, आधी जरा थबकून मग स्वतःहून तुमच्या बुटाचा वास घ्यायला येणारं पिल्लू घ्यावं. सगळ्यांना तुडवत अंगावर येणारं पहिल्यांदा पाळणाऱ्याला जड जातं. कोपऱ्यात थरथरणारं दया येऊन उचललं जातं, पण कारवानमध्ये असं पिल्लू माणसाळायला फार वेळ आणि अनुभव लागतो. रंगावर जाऊ नका.

कागद आणि पैसे

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कायद्याने बंदी आहे. ‘पंचेचाळीस दिवसांचं झालं, घेऊन जा’ म्हणणाऱ्याला थांबायला सांगा. त्या शेवटच्या दीड-दोन आठवड्यांत आई आणि भावंडं पिल्लाला चावा किती जोरात घ्यायचा ते शिकवतात. घरी आल्यावर ते शिकवायला महिने जातात.

२०१७ च्या त्याच नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि विकण्याआधी पिल्लाला मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची बारीक चिप) लावलेली हवी. वस्तीवरच्या पाळणाऱ्यांपैकी अनेकांना हे माहीत नसतं. त्यांना रागावण्यापेक्षा समजावून सांगा, पण पैसे देताना आग्रह धरा. चिपचा नंबर पंधरा अंकी असतो. वंशावळीच्या कागदावरचा नंबर आणि डॉक्टरांच्या यंत्राने पिल्लाच्या मानेवर वाचलेला नंबर जुळतो का ते बघा. केनेल क्लब ऑफ इंडियाकडे ही जात ‘कॅराव्हॅन हाउंड’ या नावाने नोंदवली जाते. कागदावर ते नाव दिसलं तर गोंधळू नका. ‘कागद नंतर पाठवतो’ यावर पूर्ण रक्कम देऊ नका, ठरावीक भाग कागद हातात आल्यावर द्या.

लसीचं पुस्तक मागून घ्या. त्यावर बाटलीचं लेबल चिकटवलेलं, तारीख आणि डॉक्टरांची सही हवी. आणि एका कागदावर लिहून घ्या: आठवडाभरात पशुवैद्याने पिल्लू आजारी ठरवलं तर ते परत घेतलं जाईल. चांगला पाळणारा सही करायला कचरत नाही. उलट ‘तुम्हाला कधी सांभाळणं जमलं नाही तर दुसऱ्याला देऊ नका, माझ्याकडे आणा’ असं तोच सांगतो.

घरी आणताना

निघण्याआधी दोन-तीन तास खायला घालू नका. पुठ्ठ्याचं खोकं, तळाला गोणपाट, त्यावर आईच्या अंगाखालचं एखादं फडकं मागून घ्या. पहिल्या रात्री त्या वासाने पिल्लू लवकर झोपतं. वाटेत ढाब्यावर जमिनीवर सोडू नका. लसी पूर्ण होईपर्यंत भटकी कुत्री फिरतात ती जागा त्याच्यासाठी धोक्याची आहे. तुमच्या घरी आधीचं पिल्लू पार्वोने गेलं असेल तर तो विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, तेव्हा नवं पिल्लू लसी पूर्ण झाल्यावरच आणा.

अंथरूण जाड घाला. कारवानच्या अंगावर चरबी नसते, कातडी पातळ असते. फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात, डिसेंबरात तो खरोखर कुडकुडतो. गोणपाटावर जुनी गोधडी पुरते.

खुराक, आणि बेदाण्याची गोष्ट

पहिला आठवडा पाळणारा जे घालत होता तेच घाला, मग हळूहळू बदला. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा, चौथ्या महिन्यापासून तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. आपल्याकडे भाकरी-दूध घालायची पद्धत आहे. भाकरी चालते, पण वाढत्या पिल्लाचं निव्वळ त्यावर भागत नाही. उकडलेलं अंडं, हाडं काढलेलं शिजवलेलं चिकन यांची जोड हवी. दुधाने हगवण लागली तर दूध बंद करून थोडं दही देऊन बघा. शिजवलेली हाडं कधीच नकोत, ती फुटून आतड्यात रुततात. कॅल्शियमची बाटली डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. उंच वाढणाऱ्या कुत्र्यात जादा कॅल्शियमने हाडं बिघडतात. आणि शेजारी कितीही म्हणोत ‘काय हो, उपाशी ठेवता का’, याला जाडजूड करू नका. जेवणानंतर तासभर तरी पळवू नका. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडतो आणि काही तासांत जीव जातो.

आता सांगली जिल्ह्याचं खास. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषारी आहेत, आणि तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, जत भागात ते पायाखाली पडलेले असतात. बेदाणा शेडवर जाळ्यांचे मजले असतात, खाली सांडलेला माल झाडून काढेपर्यंत तसाच राहतो, आणि गोड वासाने पिल्लू तिथे जातंच. मोठं माणूस मूठभर बेदाणे खाऊन विसरून जातं. दोन-तीन किलोच्या पिल्लाला त्याहून कितीतरी कमीही घातक ठरू शकतात. वाळल्यावर द्राक्षातलं सगळं एकवटतं, म्हणून बेदाणा द्राक्षापेक्षाही वाईट. या विषबाधेचं कारण त्यातलं टार्टारिक आम्ल असावं असं अलीकडे मानलं जातं. ते चिंचेतही असतं, म्हणून चिंचेपासूनही लांब ठेवा. आधी उलट्या होतात, पिल्लू मलूल पडतं, मग लघवी कमी होत जाते. लघवी थांबेपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. खाल्लेलं दिसलं की लक्षणांची वाट न बघता त्याच तासात डॉक्टर गाठा. बाग तुमची असेल तर फवारणीच्या दिवशी पिल्लू बांधून ठेवा आणि औषधाचे रिकामे डबे वर ठेवा. कांदा, लसूण, चॉकलेटही नको.

लसी, जंत, गोचीड

सहा ते आठ आठवड्यांत पहिली संयुक्त लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, शेवटची सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. रेबीजची तीन महिन्यांनंतर, आणि पुढे दरवर्षी. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, नंतर तीन महिन्यांनी. मात्रा वजनावर असते, म्हणून प्रत्येक वेळी वजन करा. रक्ताची हगवण आणि उलट्या दिसल्या की घरगुती उपाय नको. पार्वोत एक रात्रही फार असते. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीची चौकशी करा. अवघड दुखणं असेल तर सातारा जिल्ह्यात शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

जनावरं असलेल्या घरात गोचीड येणारच. गोठ्यात, मेंढरांवर वापरायचं गोचिडाचं औषध अंदाजाने पिल्लाला लावू नका, मेंढरांचं इंजेक्शनही देऊ नका. यात पिल्लं दगावतात. कुत्र्यांसाठीचं औषध डॉक्टरांकडून घ्या. ताप, खाणं बंद, फिकट हिरड्या, गडद लघवी ही गोचीड तापाची लक्षणं. नसबंदीसाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना आवर्जून सांगा की हा साईटहाउंड, म्हणजे नजरेने शिकार करणाऱ्या जातीचा कुत्रा आहे, अंगावर चरबी नाही. त्याप्रमाणे औषध आणि मात्रा निवडावी लागते.

पहिलं वर्ष

दोन ते चार महिने हा सगळ्यात मोलाचा काळ. लसी चालू असताना जमिनीवर सोडता येत नाही, पण कडेवर घेऊन बाजार, ट्रॅक्टर, शाळा सुटतानाची मुलं, मेंढरांचा कळप, बँडबाजा असं सगळं लांबून दाखवा. रोज घरच्या दोन-तीन वेगवेगळ्या माणसांनी पंजे, कान, तोंड हाताळावं. मारू नका. मार खाल्लेला कारवान शिकत नाही, फक्त हाताला भ्यायला लागतो, आणि ती भीती जात नाही.

मान लांब आणि डोकं निमुळतं असल्यामुळे साधा पट्टा मागे ओढला की निघून येतो. रुंद पट्टा घ्या आणि मानेवर दोन बोटं जातील इतकाच सैल ठेवा. दिवसभर साखळीला बांधणं नको. वर्ष-सव्वा वर्षाचा होईपर्यंत मोटरसायकलमागे पळवू नका. हाडं पक्की व्हायची असतात. स्वतःच्या मर्जीने खेळू द्या. उन्हाळ्यात डांबरावर हाताची मागची बाजू ठेवून बघा, चटका बसला तर फिरणं संध्याकाळवर टाका.

मोकळं सोडताना आधी कुंपणातलं शेत निवडा. कोणी ‘ससा धरायला घेऊन चला’ म्हटलं तर स्पष्ट नाही म्हणा. सशाची, हरणाची शिकार वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि कुत्र्यामागे उभा असलेला मालकच त्यात अडकतो. महापालिका हद्दीत राहत असाल तर कुत्र्याच्या परवान्याची चौकशी करून ठेवा.

मादी घेतली असेल तर पहिला माज आला की पिल्लं विचारणारे दारात यायला लागतात. अठरा महिन्यांच्या आत जोडी लावू नका. त्यानंतरही तिची तपासणी करून, नराचं नातं तपासून, आणि सगळ्या पिल्लांना घरं ठरल्यावरच विचार करा. तसं जमणार नसेल तर नसबंदी कधी करायची ते डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवा.